विमान तासाभराचं, वैताग दिवसभराचा: कोकणातून पहिल्यांदा उडणाऱ्यांसाठी

आमच्या कुडाळ भागात कुणी विमानाचं तिकीट काढलं की शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, "तिकीट काढलंस खरा, पण थंय पोचतलंस कसो?" प्रश्न अगदी बरोबर आहे. विमानात बसल्यावर आपल्याला काहीच करायचं नसतं. वैताग येतो तो जमिनीवर: रस्त्यात, रांगेत, वजनकाट्यासमोर आणि "उड्डाण विलंबित" या पाटीखाली. त्यातला बराचसा घरी बसूनच टाळता येतो. आई-बाबांना बंगळूरला मुलाकडे जायचं असो, नाहीतर कुणाला मस्कतला नोकरीवर रुजू व्हायचं असो, पुढचं सगळं निघण्याच्या क्रमाने वाचा.

आधी विमानतळ ठरवा, मग तिकीट

बुकिंगच्या साइटवर "गोवा" टाकलं की दोन विमानतळांची विमानं एकत्र दिसतात. एक दाभोळी, वास्कोजवळचा, नौदलाच्या तळावरचा जुना विमानतळ. दुसरा मोपा, म्हणजे पेडणे तालुक्यातला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, जो जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. दोघांमध्ये तासाभराहून जास्त रस्ता आहे. बांदा, सावंतवाडी, कुडाळवाल्यांना मोपा जवळचा. तिकिटावर दाभोळीसाठी जीओआय आणि मोपासाठी जीओएक्स अशी अक्षरं असतात. ती तीन अक्षरं वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

मुंबईचंही आता तसंच झालंय. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली. पनवेलला उतरणाऱ्या कोकणी माणसाला हा विमानतळ सोयीचा आहे, कारण पुढे अंधेरीपर्यंतची फरफट वाचते. पण "मुंबई" म्हणून काढलेलं तिकीट नेमकं कुठलं आहे ते बघा. जुन्या विमानतळाचं असेल तर टर्मिनल १ की २ हेही बघा. दोन्हींची दारं वेगवेगळ्या भागांत आहेत आणि ऐन वेळी एकाकडून दुसऱ्याकडे जाताना रिक्षाच्या मीटरपेक्षा छातीतली धडधड जास्त वेगाने पळते.

चिपीचं काय, असं सिंधुदुर्गातला प्रत्येक जण विचारतो. परुळ्याजवळच्या त्या सड्यावर ऑक्टोबर २०२१ मध्ये विमानतळ सुरू झाला खरा, पण तिथल्या फेऱ्या कधी वाढतात, कधी बंद पडतात. विमानं छोटी, पंख्याची, सत्तर-बहात्तर आसनांची. पावसात सड्यावर ढग टेकले की काय होतं ते वेगळं सांगायला नको. माझं मत स्पष्ट आहे: वेळेत पोचायची सक्ती नसेल तर चिपीहून जरूर जा, घराजवळ आहे, गर्दी नाही. पण दुसऱ्या दिवशी व्हिसाची मुलाखत असेल किंवा पुढे परदेशाचं विमान पकडायचं असेल, तर त्यावर भिस्त ठेवू नका.

रत्नागिरीकरांनी आंबा घाट चढून कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाचा पर्याय तपासावा. खेड-चिपळूणवाल्यांना पनवेलची बाजूच बरी.

तिकीट काढताना

नाव आधार कार्डावर आहे तसंच घाला. गावात आबा, बाबू, ताई काहीही असो, आणि लग्नानंतर नाव बदललं असलं तरी कार्डावर जुनं असेल तर जुनंच. परदेशी जाताना पासपोर्टावर आहे तसं. नावात चूक झाली आणि तिकीट थेट कंपनीच्या साइटवरून काढलेलं असेल, तर चोवीस तासांत कळवल्यावर दुरुस्तीचे पैसे घेता येत नाहीत.

मोबाइल नंबर स्वतःचा द्या. बाजारातल्या एजंटाकडून तिकीट काढलं की तो सवयीने आपला नंबर टाकतो. मग विमान तीन तास पुढे गेल्याचा मेसेज त्याच्या फोनवर येतो आणि तो जेवून झोपलेला असतो. यात नुकसान दुहेरी आहे. संपर्काचा तपशील नीट दिलेला नसेल तर विमान रद्द झाल्याची भरपाईही कंपनी नाकारू शकते. एजंटाला समोर बसून नंबर टाकायला लावा, राग आला तरी चालेल.

साइटवर तिकीट काढताना दाखवलेला दर आणि शेवटी भरायचा दर यांत फरक पडतो. मधल्या पानांवर विमा, जेवण, आवडीचं आसन, लवकर चढायची सोय अशा खुणा ठेवलेल्या असतात. काही खुणा आधीच केलेल्या असतात, त्या एकेक काढा. आसनाच्या नकाशावर सगळ्या चौकोनांवर रुपये लिहिलेले दिसतात आणि नवखा माणूस समजतो की पैसे भरल्याशिवाय बसायलाच मिळणार नाही. तसं नाही. पुढे जाण्याचं बटण पानाच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत असतं. आसन न निवडताही कंपनी कुठलं ना कुठलं आसन देतेच. बारा वर्षांपर्यंतचं मूल एकाच तिकिटावर असेल तर त्याला आई किंवा वडिलांपैकी एकाच्या शेजारी बसवायचं, असा डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, एप्रिल २०२४ चा आदेश आहे.

दोन विमानं बदलून जायचं असेल तर दोन्ही एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर (म्हणजे बुकिंगच्या क्रमांकावर) घ्या. स्वस्त पडतात म्हणून दोन कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखतही नाही. आखाती देशांत जाणाऱ्या आपल्या पोरांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. वेगळीच तिकिटं घ्यावी लागली तर मध्ये एक रात्र मोकळी ठेवा.

गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी व्हीलचेअर लागणार असेल तर ती तिकीट काढतानाच मागा, निदान ४८ तास आधी तरी.

घरून किती वाजता निघायचं

हिशोब उलटा करायचा. देशांतर्गत विमानाचं सामान घेण्याचं काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या एक तास आधी बंद करतात. चढायचं गेट पंचवीस मिनिटं आधी. इथे हात केला म्हणून एसटीसारखं कुणी थांबत नाही, आणि ओळखीचा कंडक्टरही नाही. म्हणजे मोप्याहून चारचं विमान असेल तर काउंटर तीनला बंद, तुम्ही दारात दोनला हवेत, आणि कुडाळहून बारापर्यंत निघालेले बरे. परदेशी जायचं तर विमानतळावर तीन तास आधी.

मुंबईहून उडणार असाल तर खरा घोळ सुरू होतो. महामार्ग ६६ वर इंदापूर, माणगावला गाडी कधी अडकेल याचा नेम नाही, म्हणून रेल्वे बरी. कोकणकन्या किंवा तुतारीने रात्री निघालं की पहाटे-सकाळी मुंबई. पण सकाळी आठ-नऊचं विमान या गाड्यांवर विसंबून घेऊ नका. दुपारनंतरचं घ्या. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक लागू होतं, गाड्या हळू चालवतात, दरड आली तर तासन्‌तास उभ्या राहतात. जून ते ऑक्टोबरमधलं महत्त्वाचं विमान असेल तर आदल्या दिवशीच मुंबईतल्या नातेवाईकांना त्रास द्या. गणपतीच्या दिवसांत रस्ता आणि रेल्वे दोन्हीकडे चाकरमान्यांची गर्दी असते, भाडी चढलेली असतात. चतुर्थीच्या आसपास मुंबईहून उडायचं टाळता आलं तर टाळा.

सीएसएमटीला उतरलात तर ऑक्टोबर २०२५ पासून तिथूनच भुयारी मेट्रो आहे. तिची टर्मिनल १ आणि टर्मिनल २ अशी वेगळी स्थानकं आहेत. बॅगा घेऊन लोकलमध्ये घुसण्यापेक्षा हे शंभर पटीने सुखाचं.

आणखी एक: दिवसातलं पहिलं विमान सहसा कमी रखडतं. तेच विमान दिवसभर गावोगाव फिरत असतं, त्यामुळे सकाळी झालेला अर्ध्या तासाचा उशीर संध्याकाळपर्यंत वाढत जातो. मोप्याहून जाणाऱ्यांनी पहाटे उठायची तयारी असेल तर सकाळचं विमान घ्यावं.

सामान: आपला खरा घोटाळा

कोकणातून कुणी हलक्या बॅगेने निघत नाही. आई भरून देते, मावशी वरून देते, आणि वजनकाटा कुणाचं ऐकत नाही. देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो विमानाच्या पोटात आणि ७ किलोची एक बॅग हातात, एवढंच. जादा किलोचा दर विमानतळावर महाग, आधी साइटवर भरला तर स्वस्त. घरी तांदळाचं पोतं मोजायचा हुक-काटा असेल तर त्यावर बॅग टांगून बघा.

आता काय कुठे ठेवायचं.

सुकं खोबरं नेऊ नका. हातातही नाही आणि पोटातही नाही. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून मार्च २०२२ पासून ते मनाई यादीत आहे. ओला नारळ हाताच्या बॅगेत चालत नाही. मोठ्या बॅगेत चालतो की नाही ते कंपनीगणिक बदलतं, म्हणून आधी विचारा. माझा सल्ला: नारळ बंगळूरलाही मिळतो.

मालवणी मसाला, तिखट, मिरचीचं लोणचं हे सगळं मोठ्या बॅगेत. मिरची पूड हातात सापडली की तपासणीला काढून टाकतात. डोळ्यांत फेकता येते हे कारण, आणि त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. कोकम आगळ, तूप, तेल हेही मोठ्या बॅगेतच. बाटली काठोकाठ भरू नका, हवेच्या दाबाने झाकणातून गळते. झाकणाला चिकटपट्टी, त्यावर दोन पिशव्या, आणि भोवती जुना टॉवेल. आगळाचा डाग पांढऱ्या शर्टावरून निघत नाही हे तुम्हाला माहीत आहेच.

सोडे, सुकट, बोंबील न्यायचे तर दुकानातून हवाबंद पॅक करून घ्या. काउंटरवर वास आला तर बॅग अडवतात. आंब्याची लाकडी पेटी विसरा. पुठ्ठ्याच्या खोक्यात, पिकायला दोन-तीन दिवस बाकी असलेला आंबा भरा. दोन डझन हापूसचं खोकं सहज पाच-सहा किलोचं होतं, म्हणजे तुमच्या १५ किलोतला तिसरा हिस्सा तिथेच गेला. विळी, कोयता, सुरी मोठ्या बॅगेत. काडेपेटी आणि लायटर घरी.

पॉवर बँक याच्या बरोबर उलट: ती हातातल्या बॅगेतच, मोठ्या बॅगेत कधीच नाही. तिच्यातली लिथियमची बॅटरी पोटात पेटली तर कुणाला कळणारही नाही, म्हणून हा नियम. १०० वॉट-तासांपर्यंतची चालते, म्हणजे साधारण २७ हजार एमएएचपर्यंत. लोक हे हमखास उलट करतात आणि मग बोलावून बॅग उघडायला लावतात. सोनं, रोजची औषधं, कागदपत्रं, चार्जर हेसुद्धा हातातच.

दुबई, शारजा, सौदीला जाणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. आपल्या मालवणी मसाल्यात पुष्कळ घरी खसखस घालतात. संयुक्त अरब अमिरात आणि सौदीत खसखशीवर बंदी आहे, तिथल्या कायद्यात ती अमली पदार्थांच्या बाजूला मोजली जाते. अटकेपर्यंत प्रकरण जाऊ शकतं, आणि "आयेन दिल्यान" म्हणून सुटका होत नाही. मसाला द्यायचाच असेल तर खसखस न घालता वेगळा दळून द्या. कोडीन, ट्रामाडॉलसारख्या गोळ्यांनाही आधी परवानगी लागते. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा, आणि शेजाऱ्याने "तेवढा पोचव" म्हणून दिलेलं बंद पुडकं कितीही जवळचा असला तरी घेऊ नका.

परदेशी विमानात हाताच्या बॅगेतलं कुठलंही द्रव १०० मिलीहून मोठ्या बाटलीत चालत नाही. सोलकढीची बाटली बाहेरच रिकामी करा, शक्यतो पोटात.

विमानतळावर

घरूनच वेब चेक-इन करून, म्हणजे कंपनीच्या साइटवर हजेरी लावून, चढायचा पास (बोर्डिंग पास) फोनमध्ये ठेवा, स्क्रीनचा फोटोही काढा. जमलं नाही तर काउंटरवर पास मिळतो. त्यासाठी जादा पैसे घेऊ नयेत असं नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. दारावर सीआयएसएफचा, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा, जवान तिकीट आणि मूळ ओळखपत्र बघतो, झेरॉक्स चालत नाही. मग सामान द्यायचं काउंटर, त्याची चिकटवलेली पावती सांभाळायची, मग तपासणी. तिथे लॅपटॉप, फोन, पॉवर बँक, पट्टा ट्रेमध्ये. ट्रे पुढे गेला आणि आपण मागे राहिलो तर घाबरू नका, पण नजर ट्रेवर ठेवा.

डिजियात्रा नावाचं ॲप चेहऱ्यावरून आत सोडतं. ते ऐच्छिक आहे. दारावर "ॲप नसेल तर चालणार नाही" असं कुणी सांगितलं तर साध्या रांगेकडे बोट दाखवा.

मुंबई विमानतळ "मूक" आहे. प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही. गेट बदललं तरी फलकावर बदलतं आणि बहुधा मेसेज येतो, नावाने हाक मारतील या भरवशावर कोपऱ्यात डुलकी काढू नका. आधी गेट शोधा, मग चहा प्या. चहाची किंमत बघून मालवणी शिवी तोंडावर येईल, ती गिळा. घरून भाकरी-भाजी, घावने, खजूर आणले तर देशांतर्गत प्रवासात कुणी अडवत नाही. खळखळणारी उसळ मात्र नको.

रखडलं, रद्द झालं, चढूच दिलं नाही

इथे नवखा माणूस गप्प बसतो आणि कंपनीचं काम सोपं होतं. डीजीसीएचे नियम साधे आहेत, ते पाठ असलेले बरे.

अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला, आणि तुम्ही वेळेवर चेक-इन केलेलं असलं, तर खाणंपिणं कंपनीने द्यायचं. मागितल्याशिवाय बऱ्याचदा देत नाहीत. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं काय ते तुम्ही निवडायचं. उशीर चोवीस तासांवर गेला, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनमध्ये सुटणारं विमान सहा तासांहून जास्त रखडलं, तर हॉटेलही त्यांचं.

विमान आयत्या वेळी, न कळवता रद्द केलं तर परतावा किंवा दुसरं विमान, आणि वर भरपाई: तासाभरापर्यंतच्या उड्डाणाला कमाल ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्याहून लांबच्याला १०,०००. मूळ भाडं आणि इंधन आकार यांची बेरीज याहून कमी असेल तर तेवढीच रक्कम. आसनांहून जास्त तिकिटं विकून तुम्हाला चढू दिलं नाही आणि तासाभरात दुसरी सोय केली नाही, तर ही भरपाई २०,००० पर्यंत जाऊ शकते.

मेख इथे आहे: हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, संप अशी कारणं कंपनीच्या हाताबाहेरची मानतात, तेव्हा भरपाई मिळत नाही. म्हणून जुलैच्या पावसात कारण नेहमी "हवामान"च सांगतात. परताव्याचा हक्क मात्र तेव्हाही जात नाही. कारण लेखी मागा, मेसेजचा आणि फलकाचा फोटो काढा. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू होताना इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा देशभरच्या विमानतळांवर लोक बॅगांच्या ढिगात बसून होते. अशा गोंधळात काउंटरची रांग धरून एकाने उभं राहावं आणि दुसऱ्याने त्याच वेळी कंपनीच्या ॲपवरून दुसरं विमान शोधावं. ॲपवरचं बहुतेकदा आधी जमतं.

परताव्याऐवजी "क्रेडिट", म्हणजे पुढच्या तिकिटाला वापरायची रक्कम, घ्या असं गोड आवाजात सुचवलं जाईल. ते घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं, कंपनीने नव्हे. तिकीट एजंटाकडून काढलं असलं तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच.

तुमच्याच अडचणीमुळे विमान चुकलं, तिकीट "नॉन-रिफंडेबल" (परतावा नसलेलं) होतं, तरीही कर आणि विमानतळाचे आकार परत मिळतात. कुणी आपणहून देत नाही, अर्ज करावा लागतो.

आणि कंपनीचा फोन नंबर इंटरनेटवर शोधू नका. चिडलेल्या प्रवाशांसाठी खोटे "कस्टमर केअर" नंबर तयार ठेवलेले असतात, ते परतावा देतो म्हणून ओटीपी मागतात आणि खातं रिकामं करतात. नंबर तिकिटावरचा किंवा ॲपमधलाच घ्या.

उतरल्यावर

बॅग आली नाही किंवा फुटून आली तर सामानाच्या पट्ट्याजवळच्या कंपनीच्या काउंटरवर तक्रार लिहून द्या आणि तिचा क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. एकदा दाराबाहेर गेलात की बॅग कुठे फुटली हे सिद्ध करणं तुमच्या गळ्यात. कंपनीने दाद दिली नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, मराठी माणसाने तिथे साध्या इंग्रजीत चार ओळी लिहिल्या तरी पुरतात: तारीख, पीएनआर, काय झालं, काय हवं.

परत येताना मोप्याला उतरलात तर लक्षात ठेवा, गोव्यात ओला-उबर चालत नाही. टॅक्सी आतल्या काउंटरवरून किंवा गोवामाइल्स या टॅक्सीच्या ॲपवरून घ्या आणि बांदा, सावंतवाडी म्हणजे राज्याबाहेरचं भाडं किती ते बसण्याआधी विचारा. रात्रीचं विमान असेल तर गावातल्याच कुणा रिक्षा-गाडीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं सगळ्यात स्वस्त पडतं, फक्त विमान रखडल्याचा फोन त्यालाही करा.